अपंगत्व, नोकरी आणि उपचारांचा हक्क

चंडीगढच्या कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय या ल कॉर्ब्युझिएने आराखडलेल्या तीन वास्तू आहेत. यांपैकी उच्च न्यायालयात पंजाब राज्य विद्युत मंडळाच्या एका सहायक लाइनमनचे प्रकरण आले. 1994 मध्ये सेवेत असताना तो पूर्णपणे अंध झाला. आपणास निवृत्त करून पत्नीस नोकरी द्यावी, अशी विनंती त्याने केली. मंडळाने निवृत्ती तेवढी मान्य केली. उच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. परंतु 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सेवेतच असल्याचे मानून सर्व सेवालाभ देण्याचा आदेश दिला. कायद्याने दिलेल्या संरक्षणाची त्याला माहिती नव्हती आणि ती देणे हे अधिकाऱ्यांचे कर्तव्य होते, असे न्यायालयाचे मत पडले.

हे संरक्षण 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या कलम 47 मध्ये होते. आता ते 2016 च्या कायद्याच्या कलम 20 मध्ये आहे. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास शासकीय आस्थापनेला काढून टाकता येत नाही. त्याला त्याच वेतनश्रेणीत व त्याच सेवालाभांसह दुसरे काम द्यावे लागते. तेही शक्य नसल्यास अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. सेवालाभांत वैद्यकीय सवलतीही येतात. म्हणून नोकरी राखली जाते, तेव्हा उपचारांचा आधारही राखला जातो. ज्याला औषधे, तपासण्या किंवा कृत्रिम अवयव नेहमीच लागतात, त्याच्या दृष्टीने हा आधार वेतनाइतकाच मोलाचा होय.

कारखान्यातील कामगाराची स्थिती निराळी आहे. कलम 20 मधील ही हमी खासगी आस्थापनांना लागू नाही. तेथे मुख्य आधार 1952 मध्ये कानपूर व दिल्ली येथे सुरू झालेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेचा. जुलै 2019 पासून तिच्यासाठी कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का वर्गणी कापली जाऊ लागली व मालकाचा वाटा सव्वातीन टक्के ठरला. मोबदल्यात कामगारास व त्याच्या कुटुंबास उपचार मिळतात.

या योजनेस वेतनाची मर्यादा आहे. त्यामुळे पगार वाढला की उपचारांचा हक्क जावा, असा विचित्र प्रसंग उद्भवतो. तो टाळण्यासाठी दोन तरतुदी उपयोगी पडतात. 2017 मध्ये सर्वसाधारण मर्यादा दरमहा 21,000 रुपये झाली, तेव्हा अपंग कामगारांसाठी ती 25,000 रुपये ठेवण्यात आली. शिवाय एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन कालखंड असतात. कालखंड सुरू झाल्यावर, समजा जूनमध्ये, वेतनाने मर्यादा ओलांडली तरी सप्टेंबरअखेरपर्यंत वर्गणी भरली जाते व कामगार विमाधारक राहतो.

कामावरील अपघाताने कायमचे अपंगत्व येऊन नोकरी सुटली, तर तिसरी तरतूद लागू होते. दरमहा दहा रुपयांप्रमाणे वर्षाची 120 रुपये वर्गणी आगाऊ भरल्यास, निवृत्तीचे वय होईपर्यंत कामगारास व त्याच्या जोडीदारास उपचार मिळत राहतात.

अमेरिकेतही हाच पेच होता. अपंग व्यक्ती कमावू लागली की सरकारी वैद्यकीय मदत बंद होई. मग नोकरी नाकारणेच शहाणपणाचे ठरे. कमाईमुळे रोख साहाय्य थांबले तरी वैद्यकीय मदत चालू राहावी, ही तरतूद तेथे 1986 च्या कायद्याने कायम केली.

भारतात मात्र मोठी उणीव शिल्लक राहते. 25,000 रुपयांच्या थोडे वर वेतन गेलेल्या खासगी कामगाराचे विम्याचे छत्र कालखंडाअखेर संपते. त्याचे अपंगत्व तसेच राहते. वेतनवाढ आणि उपचार यांतून एकाची निवड करण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये, यासाठी त्याचा उपचारांचा हक्क पगाराच्या आकड्यापेक्षा त्याच्या गरजेशी जोडला गेला पाहिजे.