लाल रंगाचे तोतये

श्रीगणेशाला रक्तवर्ण प्रिय. रक्तचंदनाचे गंध, जास्वंदीचे फूल, अष्टविनायकांच्या मूर्तींवरील शेंदूर, सारे त्याच वर्णाचे. शाडूची मूर्ती घरीच घडवून रंगविण्याची हौसही आता अनेक कुटुंबांत दिसते. तेव्हा चित्रकाराच्या पेटीतील लाल रंगाची नळी मुलांच्या हाती देण्यापूर्वी तिच्यात खरोखर काय भरले आहे, हे भाविक गृहस्थांनी जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

मूळचा मानाचा लाल रंग म्हणजे हिंगूळ. पारा व गंधक यांचे हे संयुग खाणीत सापडते, भट्टीतही सिद्ध करता येते. आपल्या रसशास्त्राला ते फार पूर्वीपासून परिचित आहे. प्राचीन रोमला हिंगूळ स्पेनमधील खाणींतून जाई आणि त्याचे मोल मोठे असे. मोलाची वस्तू म्हटली की तिचा तोतया आलाच! पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने हिंगुळातील भेसळीचे प्रकार नोंदविले आहेत. त्याच्याही आधीच्या व्हिट्रुव्हियस या वास्तुशास्त्रज्ञाने तर परीक्षाच सांगितली. लोखंडी पत्र्यावर हिंगूळ ठेवून पत्रा लालबुंद होईपर्यंत तापवावा. रंग काळवंडताच उतरवावा. निवल्यावर पहिला रंग परत आला तर माल अस्सल, काळाच राहिला तर भेसळीचा. (पाऱ्याची वाफ विषारी असते, वाचकांनी हा प्रयोग घरी मुळीच करू नये.) गंमत अशी की, अस्सल हिंगूळही निर्दोष नव्हे. एका रोमन गृहस्थाच्या उघड्या चौकातील हिंगुळी भिंती उन्हामुळे तीस दिवसांत विद्रूप झाल्याचे हाच ग्रंथकार सांगतो.

या तोतयांत शेंदूर सर्वांत जुना. मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचा ऑक्साइड, हवेत भाजला की शेंदूर होतो. स्वस्त म्हणून तो हिंगुळात मिसळला जाई. परंतु शेंदराला केवळ तोतया म्हणणे अन्यायाचे होईल. त्याचे स्वतःचे स्थान आहे. युरोपातील हस्तलिखितांत तो इतका वापरला गेला की, त्याच्या ‘मिनियम’ या लॅटिन नावावरूनच लघुचित्राला ‘मिनिएचर’ म्हणू लागले. आपल्याकडे तर तो देवाच्या अंगावर चढला. सप्तशृंगगडावरील देवीच्या मूर्तीवरील शेंदराचे जुने थर २०२२ साली उतरविण्यात आले, तेव्हा आतील मूळ रूपाचे दर्शन घडले. पण शिसे ते शिसेच. पोटात गेले तर लहान मुलांना ते विशेष घातक, हे विसरता येत नाही.

एकोणिसाव्या शतकात रसायनशाळेतील तोतये आले. इओसिन नावाच्या झगझगीत रंगाने शेंदूर किंवा पांढरी भुकटी रंगवून ती हिंगुळाच्या जागी विकली जाई. रूप देखणे, आयुष्य अल्प. व्हॅन गॉग या डच चित्रकाराने १८९० साली रंगविलेली गुलाबाची फुले मुळात गुलाबी होती. इओसिनाचा लाल उडाला आणि आज ती जवळजवळ पांढरी दिसतात. विसाव्या शतकात टोल्युइडिन आणि नॅफ्थॉल हे सेंद्रिय लाल आले. त्यांत ना पारा, ना शिसे. येथे नक्कल मुळापेक्षा निरुपद्रवी ठरली, आणि आमच्या मते तीत लबाडीही नाही. लबाडी असते ती नाव लपविण्यात.

म्हणून नळीवरील अक्षरे वाचावीत. रंगाच्या नावापुढे ‘ह्यू’ असेल तर तो त्या रंगासारखा दिसणारा, पण दुसऱ्या द्रव्याचा. बारीक अक्षरांतील संकेत अधिक बोलका असतो: पी.आर. १०६ म्हणजे खरा हिंगूळ, पी.आर. १०५ शेंदूर, पी.आर. १०८ कॅडमियमचा लाल. हे तिन्ही जड धातूंचे. मुलांच्या हाती नकोत आणि विसर्जनाच्या मूर्तीवरही नकोत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० सालच्या मूर्तिविसर्जनविषयक सूचनाही विषारी रंग वर्ज्य मानतात.

राहिला गेरू. लोखंडाच्या गंजाचा हा मातकट लाल कोणाचा तोतया नाही, आणि इतका स्वस्त की त्याचा तोतया करण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. शाडूवर तो हिंगुळाइतका झळकत नाही, हे खरे. मात्र शेजारी ओल्या दूर्वांची जुडी ठेवली की तो चांगलाच खुलतो.