ग्रंथालय कायदा आणि डोंगरातल्या वाड्या

जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांचा पूर्वभाग आणि पश्चिमभाग एकाच नकाशावर असले तरी एकाच जगात नाहीत. नारायणगाव-मंचरकडे बागायत आहे, साखर कारखाने आहेत, बाजारपेठ आहे. तेथे वाचनालय काढावयाचे ठरले, तर चार हौशी माणसे आणि वर्गणी मिळू शकते. भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट या अंगाने विखुरलेल्या महादेव कोळ्यांच्या वाड्यांना मात्र भातखाचरे आणि हिरडा यांचाच काय तो आधार. तेथे वाचनालय कोणी काढावयाचे?

हा भार आपल्या कायद्याने गावावरच टाकला आहे. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमात ग्रंथालय-कर नाही. मद्रासने तो 1948 च्या कायद्याने आणि कर्नाटकाने 1965 च्या कायद्याने बसविला. आपल्याकडे गावाने आधी संस्था नोंदवावी, जागा, पुस्तके व वाचक जमवावेत. मान्यता आणि अनुदान त्यानंतर. ज्याच्यापाशी थोडे आहे त्यालाच अधिक मिळावे, असा हा न्याय झाला. देशातील पहिला ग्रंथालय कायदा 1945 साली कोल्हापूर संस्थानात झाला होता, हे आठवले म्हणजे अधिकच खेद वाटतो.

परिणाम सांगावयास तज्ज्ञ नको. चौथीत अस्खलित वाचणारी मुलगी क्रमिक पुस्तकाखेरीज छापील मजकूर न पाहता मोठी होते. घोडेगावच्या वसतिगृहातला मुलगा स्पर्धा परीक्षेला बसतो, तेव्हा त्याची गाठ पुण्यात पैसे भरून अभ्यासिकेत वर्षभर बसलेल्यांशी असते. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दावा करणाऱ्या शेतकऱ्याला मूळ कलम वाचावयास मिळत नाही. कोणी सांगेल ते खरे मानावे लागते. मोबाइल आहे ना, असे विचारणाऱ्यांनी भर पावसात डिंभ्याच्या वरच्या वाड्यांत जाऊन एकदा कलम शोधून दाखवावे.

शाळेत पुस्तकांचे कपाट असते. ते पुष्कळदा बंद असते, कारण हरवलेल्या पुस्तकाची वसुली आपल्या पगारातून होईल ही गुरुजींची धास्ती. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल.

सयाजीराव गायकवाडांनी 1910 नंतर बडोदे संस्थानातील खेड्यांत पेट्या भरभरून पुस्तके फिरविली. आज जेथे मुक्कामी एसटी जाते, तेथे तिच्यातून पुस्तकांची पेटीही जाऊ शकते. पुण्याच्या शासकीय ग्रंथालयाने ती भरावी, महिन्याने बदलावी. आणि शंभरातली पाच पुस्तके परत आली नाहीत तरी कोणाच्या पगाराला हात लागणार नाही, एवढा एक आदेश शासनाने काढावा.