नवे पेशे : दांपत्य आणि कुटुंब समुपदेशक

दांपत्य आणि कुटुंब समुपदेशक म्हणून वेगळा परवाना महाराष्ट्रात मिळत नाही. अमेरिकेत मात्र कॅलिफोर्नियाने १९६३ साली विवाह समुपदेशकांसाठी परवान्याचा कायदा केला. आपल्याकडे या कामात शिरायचे ते मानसशास्त्र, समाजकार्य किंवा वैद्यक यांपैकी एका दाराने. कोणते दार निवडले यावर पुढची नोकरी ठरते, आणि नेमके हेच बारावीनंतर फारसे कोणी सांगत नाही.

वसई तालुक्यातल्या चांदीपसारख्या गावातल्या विद्यार्थ्याची पदवी वसई-विरार परिसरातच होऊ शकते. पुढे मात्र विरार लोकल गाठावी लागते. मानसशास्त्रातल्या एम.ए.साठी मुंबई विद्यापीठाचे कालिना संकुल किंवा चर्चगेटचे एसएनडीटी महिला विद्यापीठ, तर समाजकार्यासाठी देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था. १९३६ साली सुरू झालेली ही संस्था, म्हणजेच 'टिस', या क्षेत्रातली जुनी पेढी आहे. वैद्यकाची वाट सर्वांत लांब : एमबीबीएसनंतर मानसोपचारात एम.डी. औषधे लिहून देण्याचा अधिकार या तिन्हींपैकी फक्त याच वाटेने मिळतो.

एम.ए. झाले म्हणजे 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' होता येते, हा सर्रास आढळणारा गैरसमज. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि तिच्याकडची नोंदणी लागते. वर्षानुवर्षे तो अभ्यासक्रम म्हणजे दोन वर्षांची एम.फिल. होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२च्या नियमांनी एम.फिल. मोडीत काढली, या विषयाला मात्र २०२५-२६पर्यंत सवलत दिली. त्यामुळे प्रवेश घेण्याआधी त्या वर्षीची मान्यता तपासलेली बरी. समुपदेशकांची बाजू अधिकच सैल आहे. २०२१च्या संबद्ध व आरोग्य सेवा व्यवसाय कायद्याने वर्तनविषयक आरोग्य व्यावसायिकांना यादीत घेतले, तरी चार शनिवारांचा कोर्स करून पाटी लावणारे आजही दिसतात.

खरे शिक्षण पदवीनंतर, अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली होते. सुरुवात बहुधा जेनोग्रामपासून, म्हणजे कुटुंबाच्या आकृतीपासून होते. कागदावर पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, लग्नाची आडवी रेघ, खाली मुले. तीन पिढ्या मांडायच्या. दुरावलेले नाते तुटक रेषेने, भांडणाचे नागमोडी रेषेने. हळूहळू दिसते की नवरा-बायकोच्या वादात अबोला धरणारा मुलगा आजोबांचीच रीत चालवतो आहे. 'चूक कोणाची?' असे समुपदेशक विचारत नाही. 'आवाज चढला की घरात कोण काय करते?' असे विचारतो. सासू स्वयंपाकघरात जाते, धाकटी लेक टीव्ही मोठा करते, नवरा बाहेर पडतो. घराचे हे चक्र नवरा-बायकोच्या समोर मांडायचे. अमेरिकेतल्या साल्वादोर मिनुचिन, मरे बोवेन अशा कुटुंबोपचारकांच्या पद्धती शिकताना आपल्याकडची एकत्र कुटुंबे, शेतीची वाटणी आणि माहेर-सासर त्यांत बसवावे लागते. ते पुस्तकात आयते मिळत नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात रुग्णांच्या नातलगांना आवारातल्या तंबूंत मुक्कामाला ठेवून उपचारात घेतले होते. घराला उपचाराबाहेर ठेवायचे नाही, हा विचार इथे परका नाही.

नोकऱ्या कुठे? कुटुंब न्यायालय कायदा १९८४चा. त्यात न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करावा असे सांगितले आहे आणि समुपदेशकांची तरतूदही आहे. १९८४मध्येच टिसने मुंबई पोलिसांसोबत महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्य शिकलेल्यांना तिथे थेट अनुभव मिळतो. पोलीस ठाण्यातल्या टेबलासमोर शिकलेले बरेच काही खासगी दवाखान्यात शिकून होत नाही. मारहाण होत असेल तर नवरा-बायकोला एकत्र बसवून बोलते करायचे नाही, आधी तिची सुरक्षितता पाहायची, हे तिथे लवकर कळते. सरकारी मनोरुग्णालये, शाळा, संस्था हे बाकीचे पर्याय.

स्वतःचा व्यवसाय हा पुढचा टप्पा. गावात खोली घेतली तर आत कोण गेले हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून तालुक्यातले लोक विरार-वसईचे दवाखाने किंवा ठाणे पसंत करतात. फोनवरच्या बैठकांनी हा अडसर थोडा कमी झाला आहे, पण एकत्र कुटुंबाच्या घरात फोनवर मोकळे बोलायला कोपरा मिळत नाही. वर्षागणिक अनुभव साचला की समुपदेशक नवशिक्यांच्या केसेसची देखरेख करू लागतो आणि स्वतःच्या अवघड केसेसही कोणा ज्येष्ठापुढे ठेवत राहतो.