समोरून दुसरी गाडी आली तर?

मालवणची मंडळी मुंबईला निघाली की गाडी पकडायला कुडाळला नाहीतर कणकवलीला जातात. फलाटावर एखादी आजी हमखास विचारते, "रूळ एकच. आणि समोरसून दुसरी गाडी इली तर?" हसू नका हं! कोकण रेल्वेच्या इंजिनिअरांनीही याच प्रश्नावर डोकं खाजवलंय.

२ ऑगस्ट १९९९ ला पश्चिम बंगालमध्ये गैसळ इथे दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. २८० हून अधिक माणसं गेली. त्यानंतर कोकण रेल्वेचे तेव्हाचे व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम यांनी 'रक्षाकवच' नावाचं टक्करविरोधी यंत्र पुढे आणलं. इंजिनातला संगणक उपग्रहांवरून आपली जागा ओळखतो, रेडिओवरून दुसऱ्या इंजिनाशी बोलतो आणि धोका दिसला की ड्रायव्हरची वाट न बघता ब्रेक लावतो.

सोपं वाटतं ना? पण बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत, आणि या मार्गावर तर नव्वदच्या वर बोगदे! स्टेशनात दोन रुळांत जेमतेम चार-पाच मीटर अंतर. साध्या उपग्रह-मोजणीत तेवढी चूक सहज होते. मग शेजारच्या रुळावरची गाडीच समोर आहे असं समजून ब्रेक लागायचा. उगाच लागला तर बिघडलं कुठे, असं म्हणाल. पण रोज खोटी आरोळी ठोकणाऱ्या यंत्रावर ड्रायव्हर विश्वास तरी किती दिवस ठेवणार?

पुढे आलेल्या 'कवच' यंत्रणेत म्हणून रुळांमध्येच इलेक्ट्रॉनिक खुणा बसवल्या. कोणता रूळ, ते इंजिनाला तिथेच कळतं. २०२० मध्ये 'कवच' देशभरासाठी स्वीकारलं गेलं. त्याची अट मोठी कडक: धोकादायक चूक १० कोटी तासांत एकदाही व्हायला नको. म्हणजे सुमारे ११,४०० वर्षं! सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम १६६४ साली सुरू झालं. त्या दिवसापासून यंत्र चालू ठेवलं असतं, तरी परीक्षा अजून संपली नसती.

मग तपासायचं कसं? मुद्दाम बिघडवून! वायर तोडायची, वीज घालवायची, खोटा संदेश पाठवायचा. आत एकच हिशेब दोनदा, वेगवेगळा होतो. उत्तरं जुळली नाहीत की गाडी थांबलीच पाहिजे. जुन्या हाताच्या सिग्नलची तार तुटली की हात आपोआप 'थांबा'वर यायचा, तीच ही युक्ती.

४ मार्च २०२२ ला तेलंगणात एकाच रुळावर दोन इंजिनं समोरासमोर आणली. खुद्द रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव एका इंजिनात! ३८० मीटर आधीच ते आपोआप थांबलं.

पण आपल्याच जिल्ह्यात, वैभववाडीजवळ, २२ जून २००३ च्या रात्री गाडी घसरली आणि पन्नासच्या वर माणसं गेली, ती रुळावर आलेल्या दरडीमुळे. दरडीला कुठला आलाय रेडिओ? म्हणून तिथे डोंगराला लोखंडी जाळ्या लागल्या, पावसाळ्यात गाड्या हळू धावतात, आणि धो धो पावसात गस्तवाला अजूनही बॅटरी घेऊन रुळावरून चालत असतो.