बाजाराच्या टेम्पोसाठी बॅटरी : आधी हिशेब, मग खरेदी

आठवडी बाजारात आणि उरुसात टेम्पोतूनच कापड विकणाऱ्या आमच्या बंधूंना उजेडाचा प्रश्न नेहमीचाच. गिऱ्हाईक जमते ते मगरिबनंतर, आणि रंग नीट दिसल्याशिवाय कोणी पैसे काढत नाही. जनरेटरवाल्याच्या मर्जीवर राहण्यापेक्षा स्वतःची बॅटरी बरी, हा विचार योग्यच आहे.

आम्हीही तो केला. परंतु पहिल्या खेपेस फसलो. गाडीच्याच बॅटरीवर दिवे लावले. रात्री दुकान आवरले, तर टेम्पो सुरू होईना. चौघांनी ढकलून तो चालू केला. असे दोन-तीन महिने चालले आणि बॅटरीच बसली. गाडीच्या बॅटरीतील प्लेटा पातळ असतात. क्षणभर जोराचा करंट देऊन इंजिन फिरवणे एवढेच तिचे काम. तासन्‌तास दिवे चालविण्यासाठी जाड प्लेटांची, घरच्या इन्व्हर्टरला लावतात तशी ट्यूब्युलर बॅटरी वेगळी घ्यावी.

केवढी घ्यावी? २० वॅटच्या चार एलईडी ट्यूब म्हणजे ८० वॅट, एक लहान पंखा ३० आणि मोबाईल वगैरे १०. एकूण १२० वॅट. पाच तास दुकान, म्हणजे ६०० वॅट-अवर. इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो, ते धरून ७०० समजा. आता १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १२०० वॅट-अवर देते. परंतु शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य घटते. म्हणजे हाती ६०० च. म्हणून १५० ची घ्यावी. सरळ १२ व्होल्टवर चालणाऱ्या ट्यूब घेतल्या तर इन्व्हर्टरची नासाडीही वाचते.

लिथियम फॉस्फेटची बॅटरी महाग आहे, यात शंका नाही. पण १०० अँपिअर-अवरची लिथियम ८० टक्के वापरली तरी हजाराच्या वर वॅट-अवर देते, आणि तिचे वजन १२-१३ किलोच्या आसपास असते. १५० ची ट्यूब्युलर पन्नास किलोच्या घरात जाते. आठवड्यातून चार-पाच बाजार करणाऱ्यास लिथियम परवडेल. एखादाच बाजार करणाऱ्याने ट्यूब्युलरवर भागवावे. तयार पॉवर स्टेशनचा डबा घेणाऱ्याने त्यावरील वॅट-अवर वाचावेत. एमएएचचे मोठे आकडे पाहून भुलू नये. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे जेमतेम ७४ वॅट-अवर!

शिशाची बॅटरी घरी आल्यावर त्याच रात्री चार्जिंगला लावावी. अर्धवट उतरलेली तशीच ठेवली तर प्लेटांवर थर बसतो आणि ती पुन्हा पुरती भरत नाही. लिथियमला चार्जर मात्र तिचाच लागतो.

आणि कापडवाल्यांसाठी खास गोष्ट. ॲसिडचा थेंब सुती कापडावर पडला तर त्या वेळी काही दिसत नाही. पाणी उडून जाते, ॲसिड उरते आणि गिऱ्हाईक पहिली धुलाई करते तेव्हा भोक पडते. आमचे दोन तागे असेच परत आले. पैसे तर द्यावे लागलेच, गिऱ्हाईकही तुटले. बॅटरी प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, मालापासून दूर, हवा खेळेल अशा जागी बांधून ठेवावी, कारण चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. प्लसच्या तारेवर बॅटरीजवळच फ्यूज बसवून घ्यावा. बारीक तार तापते, आणि आपल्या टेम्पोत तर सगळा कापूसच भरलेला असतो.