जुन्या कॅसेटवर नवें कलम

श्रोतेहो, हल्लीं पुष्कळ घरांतून एक कोडें ऐकूं येतें. मुलासाठीं व्हिडिओ गेमची कॅसेट पैसे मोजून आणली, ती यंत्रांत घातली, आणि दोन महिन्यांनीं यंत्र सांगूं लागलें कीं, या खेळाचा आणखी एक भाग निघाला आहे, तो उतरवून घ्या. आईबाप विचारतात, कॅसेट तर कारखान्यांतून बंद होऊन आली. तिच्यांत हा नवा भाग शिरतो तरी कोठून? याचें खरें उत्तर असें कीं, तो तिच्यांत शिरतच नाहीं. मग तो राहतो कोठें, तें आज पाहूं. वरवर पोरखेळाचा वाटणारा हा विषय शेवटीं आपल्या पैशाचा व मालकीचा आहे.

प्रथम कॅसेट म्हणजे काय तें समजून घेतलें पाहिजे. १९९० नंतरच्या दशकांत आपल्याकडील मुलें जिला कॅसेट म्हणूं लागलीं, तिच्यांत गाण्याच्या कॅसेटसारखी फीत नसते. इंग्रजींत तिला कार्ट्रिज म्हणतात. आंत स्मृतीची एक चकती, म्हणजे चिप, असते. असें बदलतां येणारें कार्ट्रिज घेणारें पहिलें घरगुती यंत्र अमेरिकेंत फेअरचाइल्ड कंपनीनें १९७६ सालीं बाजारांत आणलें. जुन्या कॅसेटींतील मजकूर चिप घडवितांनाच तिच्यांत कोरला जाई. छापून, बांधून झालेल्या पुस्तकासारखी तिची स्थिति. वाचावें तितकें वाचा, पण पान वाढवितां येत नाहीं. ज्या कॅसेटींवर ‘९९९९ इन १’ असा भपका असे, त्यांतहि मोजके खेळच नांवें बदलून पुनःपुन्हां येत, हें त्या काळच्या मुलांना चांगलें ठाऊक आहे.

मग बंद वस्तूंत भर कशी घालावी? आमच्या डहाणू-घोलवडच्या वाड्यांत याचा एक दृष्टांत नित्य पाहावयास मिळतो. चिकूचें कलम खिरणीच्या, म्हणजे रायणीच्या, रोपावर बांधतात. खिरणी खिरणीच राहते. तिचें मूळ बदलत नाहीं. वर जोडलेली फांदी मात्र चिकूचीं फळें देते. कॅसेटीच्या बाबतींत हेंच झालें आहे.

एक कलम कॅसेटीवर कॅसेट ठेवूनच बांधलें गेलें. १९९४ सालीं जपानच्या सेगा कंपनीनें ‘सॉनिक अँड नकल्स’ हा खेळ काढला. त्याच्या माथ्यावर एक खांच होती. तींत त्याच वर्षीं आधीं निघालेली ‘सॉनिक ३’ ची कॅसेट बसविली कीं दोन्ही मिळून एक मोठा खेळ तयार होई. दुसरा प्रयोग आपल्या नभोवाणीच्या श्रोत्यांना विशेष जवळचा वाटेल. १९९५ ते २००० पर्यंत जपानांत निन्टेंडोच्या यंत्राला ‘सॅटेलाव्ह्यू’ नांवाचें उपकरण जोडून खेळ चक्क उपग्रहावरून प्रक्षेपित केले जात. ठरलेल्या वेळीं यंत्र लावून बसावें आणि आलेला मजकूर पुसतां-लिहितां येणाऱ्या एका वेगळ्या कॅसेटींत भरून घ्यावा, अशी ती व्यवस्था होती.

आजची रीत याच्याच पुढची आहे. ३ मार्च २०१७ रोजीं निघालेलें निन्टेंडोचें ‘स्विच’ हें यंत्र घ्या. त्याची कॅसेट नखाएवढी असते. ती घातली कीं यंत्र तिच्यावरील ओळखक्रमांक वाचतें, आणि त्याच क्रमांकाची पुरवणी आपल्या स्वतःच्या स्मृतींत किंवा जोडलेल्या मेमरी कार्डांत आहे का, हें पाहतें. असल्यास मूळ मजकूर कॅसेटीवरून व नवा मजकूर स्मृतींतून घेऊन खेळ चालूं करतें. खेळणाऱ्याला सांधा कोठेंच दिसत नाहीं.

या सोयीचा लाभ निर्विवाद आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा भारतीय कथाविश्वावर रचलेला खेळ ऑगस्ट २०२० मध्यें प्रथम स्विचवरच आला. पात्रें इंग्रजी बोलत. २०२२ सालीं त्याची सुधारित आवृत्ति निघाली आणि तींत हिंदी संवाद आले. छापलेल्या पुस्तकाला असें भाग्य दुसऱ्या आवृत्तीवांचून लाभत नाहीं.

परंतु कलमाला पाणी घालणारा माळी दुसराच आहे, हें विसरूं नये. निन्टेंडोनें ‘थ्री-डी-एस’ या आपल्या जुन्या यंत्राचें दुकान २७ मार्च २०२३ रोजीं नव्या खरेदीस बंद केलें. त्या खेळांच्या कॅसेटी जुन्या बाजारांत आजहि मिळतात व चालतात. त्यांच्या पुरवण्या मात्र नव्यानें विकत घेतां येत नाहींत. शिवाय कॅसेट शेजारच्या मुलाला उसनी देतां येते, पुरवणी देतां येत नाहीं. कारण ती विकत घेणाऱ्याच्या खात्याशीं बांधलेली असते. आणि ५ जून २०२५ रोजीं आलेल्या ‘स्विच २’ साठीं कांहीं कॅसेटी अशा निघाल्या आहेत कीं, त्यांत खेळ मुळींच नसतो, नुसती किल्ली असते; सगळा खेळ इंटरनेटवरून उतरवावा लागतो. तलासरीच्या एखाद्या पाड्यावर, जेथें मोबाइलला रेंज मिळण्यासाठीं टेकाडावर चढावें लागतें, तेथें पूर्ण कॅसेट मुलाच्या हातीं खेळ देते; किल्लीची कॅसेट बंद दारापुढें उभें करते.

म्हणून विकत घेतांना तीन गोष्टी पाहाव्या. वेष्टनावर ‘डाउनलोड आवश्यक’ अशा अर्थाची सूचना आहे का, तें वाचावें. दुबईहून वा अमेरिकेहून नातेवाइकांनीं कॅसेट आणली असेल, तर पुरवणी त्याच प्रदेशाच्या दुकानांतून घ्यावी; दुसऱ्या प्रदेशाची पुष्कळदां जुळत नाहीं व पैसे फुकट जातात. आणि शक्य असल्यास, सर्व पुरवण्या कॅसेटींतच भरून मागाहून निघणारी संपूर्ण आवृत्ति येईपर्यंत थांबावें.

मुलांना नवें कलम अवश्य द्यावें. मात्र कपाटांत ठेवलेली वस्तु आपली, आणि दुसऱ्याच्या कोठारांतून येणारी वस्तु त्याचें दार उघडें असेपर्यंतच नव्यानें मिळणारी, एवढा भेद त्यांना खरेदीच्या वेळींच समजावून सांगावा.