एक संप्रेरक थांबवताना

अंतःस्रावी ग्रंथींचा तक्ता आपण फळ्यावर नेहमीच काढतो. ग्रंथी, संप्रेरक आणि कार्य असे तीन रकाने. वृषणांपुढे आपण 'टेस्टोस्टेरॉन' लिहितो, कार्याच्या रकान्यात 'पुरुषांची दुय्यम लैंगिक लक्षणे' एवढे लिहितो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. मुलेही तेवढेच पाठ करतात.

आता समजा, त्याच वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी सत्तरीचे आजोबा आहेत. त्यांना पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा, कर्करोग आहे आणि दर तीन महिन्यांनी त्यांना एक इंजेक्शन दिले जाते. ऐन थंडीत ते रात्री घामाने भिजून उठतात आणि पंखा लावतात. जिना चढताना दमतात. पोट सुटले आहे, दंड बारीक झाले आहेत. चारचौघांत सदरा काढायला ते लाजतात. साध्या बोलण्यानेही त्यांचे डोळे भरून येतात. घरातले कुणी म्हणते, "वय झालं". कुणी मनातल्या मनात म्हणते, "आजार वाढला वाटतं". पुष्कळदा ही दोन्ही अनुमाने चुकीची असतात. या साऱ्याचे मूळ त्या इंजेक्शनात, म्हणजे आपल्या तक्त्यातील त्या एका ओळीत, असते.

हे कुणी नीट समजावून सांगितले नाही, तर रुग्ण गप्प राहतो, घरचे गैरसमज करून घेतात आणि कधीकधी रुग्णाला उपचारच नकोसा होतो. म्हणून ही ओळ थोडी उलगडून पाहू.

ग्रंथीची वाढ कशावर चालते?

पुरःस्थ ग्रंथी मूत्राशयाच्या खाली असते. तरुणपणी ती साधारण अक्रोडाएवढी असते आणि वीर्यातील द्रवाचा काही भाग तयार करते. तिच्या पेशींमध्ये पुरुष-संप्रेरकांसाठी ग्राही असतात. टेस्टोस्टेरॉन, किंवा त्यापासून पेशीतच बनणारे अधिक प्रभावी डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, या ग्राहीला चिकटले की पेशीच्या वाढीची जनुके कामाला लागतात. या पेशी कर्करोगग्रस्त झाल्या तरी त्यांची ही सवय बहुधा सुटत नाही.

शिकागो विद्यापीठातील शल्यचिकित्सक चार्ल्स हगिन्स यांनी हे आधी कुत्र्यांच्या पुरःस्थ ग्रंथीवर अभ्यासले. मग १९४१ मध्ये त्यांनी आणि क्लेरेन्स हॉजेस यांनी, कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. वृषणे काढली किंवा इस्ट्रोजेन दिले की अशा रुग्णांच्या रक्तातील ॲसिड फॉस्फटेज हे विकर कमी होई. कर्करोग संप्रेरकांवर अवलंबून असू शकतो हे त्यातून दिसले. या कामासाठी हगिन्स यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

इस्ट्रोजेनच्या गोळ्या पुढे बरीच वर्षे वापरात होत्या. परंतु १९६० च्या दशकात अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील अभ्यासात असे आढळले, की जास्त मात्रेमुळे हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू वाढतात. म्हणून दुसरा मार्ग शोधणे भाग पडले.

घंटा सतत वाजली तर?

तो मार्ग मेंदूतून सापडला. मेंदूच्या तळाशी असलेला अधश्चेतक (हायपोथॅलॅमस) एक छोटे संप्रेरक सोडतो. ते पीयूषिका ग्रंथीला आज्ञा देते, आणि पीयूषिकेच्या संप्रेरकामुळे वृषणे टेस्टोस्टेरॉन बनवतात. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसे झाले की अधश्चेतक हात आखडता घेतो. गच्चीवरच्या टाकीतील बॉलकॉक पाणी वर आले की नळ बंद करतो, तशीच ही व्यवस्था आहे.

अधश्चेतकाच्या या संप्रेरकाची रचना १९७१ मध्ये उलगडली. ती केवळ १० ॲमिनो आम्लांची साखळी निघाली. या क्षेत्रातील कामासाठी अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलेमिन यांना १९७७ चे नोबेल विभागून मिळाले. त्यानंतर १९७८ मध्ये अर्न्स्ट नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवरील प्रयोगातून एक विलक्षण गोष्ट दाखवली. हे संप्रेरक तासातून एकदा, थोडे थोडे दिले तर पीयूषिका नीट काम करते. तेच अखंड दिले तर ती काम थांबवते!

शिक्षकांना हे समजायला अवघड जाऊ नये. तासाची घंटा तासाला एकदा वाजली तर वर्ग हलतात. ती दिवसभर वाजतच राहिली तर तिच्याकडे कुणी लक्ष देणार नाही. आजोबांच्या इंजेक्शनातील औषध (ल्यूप्रोलाइड, गोसेरेलिन यांसारखे) म्हणजे अशी सतत वाजणारी घंटा आहे. ल्यूप्रोलाइडला अमेरिकेत १९८५ मध्ये मान्यता मिळाली. पहिला आठवडा-दोन आठवडे पीयूषिका दचकून जास्त काम करते आणि टेस्टोस्टेरॉन उलट वाढते. म्हणून गरज वाटल्यास त्या काळात त्याला अडवणाऱ्या बायकॅल्युटामाइडसारख्या गोळ्या देतात. मग तीन-चार आठवड्यांत पातळी कोसळते. निरोगी प्रौढ पुरुषाच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण ३०० ते १००० नॅनोग्रॅम टेस्टोस्टेरॉन असते, ते ५० च्या खाली जाते. डेगारेलिक्ससारखी नंतर आलेली औषधे पीयूषिकेचे ग्राही थेट अडवतात, त्यामुळे सुरुवातीची ही उसळी येत नाही. शस्त्रक्रियेने वृषणे काढण्याचा मार्गही आहेच. एकदाच करावी लागणारी आणि कमी खर्चाची म्हणून आपल्याकडे ती अजूनही केली जाते.

या उपचाराने एकट्याने कर्करोग समूळ नष्ट होत नाही. तो आवरला जातो. किरणोपचाराच्या जोडीने तो काही महिने ते दोन-तीन वर्षे देतात, तर रोग पसरलेला असेल तर पुष्कळदा कायम चालू ठेवतात. म्हणजे रुग्णाला बदललेल्या शरीरासह दीर्घकाळ राहायचे असते.

काय टिकते, काय ओसरते?

संप्रेरकाची कामे दोन प्रकारची असतात. काही गोष्टी ते एकदाच घडवते. पौगंडावस्थेत स्वरयंत्र मोठे होते आणि आवाज फुटतो. ही रचना एकदा झाली की संप्रेरक गेले तरी ती उलटत नाही. त्यामुळे उपचार घेणाऱ्या आजोबांचा आवाज बारीक होत नाही. उंचीही तशीच राहते. युरोपात एके काळी गायनासाठी मुलांची वृषणे काढली जात आणि त्यांचा आवाज बारीक राही, कारण तिथे स्वरयंत्र घडण्याआधीच संप्रेरक थांबत असे.

दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी संप्रेरकाला रोज राखाव्या लागतात. स्नायू, हाडांची घनता, तांबड्या पेशींची निर्मिती, कामेच्छा, वृषणांचा आकार, अंगावरचे केस या सर्व गोष्टी त्यात येतात. संप्रेरक गेले की त्या हळूहळू ओसरतात. पुरुषांचे हिमोग्लोबिन स्त्रियांपेक्षा थोडे जास्त असते, त्याचे एक कारण टेस्टोस्टेरॉन आहे. ते गेले की हिमोग्लोबिन उतरते आणि थकव्यात भर पडते.

पुरुषाच्या शरीरातील इस्ट्रोजेन

इथे आपल्या तक्त्यात एक दुरुस्ती करायला हवी. इस्ट्रोजेन हे 'स्त्री-संप्रेरक' असे आपण शिकवतो, पण ते पुरुषांतही असते आणि त्यांना त्याची गरजही असते. अरोमाटेज नावाचे विकर टेस्टोस्टेरॉनचेच रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करते. म्हणून टेस्टोस्टेरॉन थांबवले की इस्ट्रोजेनही घटते.

मग कोणता बदल कशामुळे होतो? अमेरिकेत बॉस्टन येथे निरोगी पुरुषांवर झालेल्या एका अभ्यासाने २०१३ मध्ये याचे उत्तर दिले. स्वयंसेवकांचे टेस्टोस्टेरॉन औषधाने थांबवले, मग त्यांना ते बाहेरून वेगवेगळ्या मात्रांत दिले. एका गटात त्याचे इस्ट्रोजेन होऊ दिले, दुसऱ्या गटात ते रूपांतर अडवले. निष्कर्ष असा, की स्नायूंचे वस्तुमान आणि ताकद टेस्टोस्टेरॉनच्या अभावाने घटते. मेद मात्र मुख्यतः इस्ट्रोजेनच्या अभावाने वाढतो. कामेच्छा आणि लैंगिक क्षमता या दोहोंवर अवलंबून असतात.

बदलांशी जुळवून घेताना

उष्णतेच्या लाटा. हा उपचार घेणाऱ्या पुरुषांपैकी बहुसंख्यांना त्या येतात. रजोनिवृत्तीच्या काळात स्त्रियांना होणारा त्रास तो हाच. अधश्चेतकात शरीराचे तापमान सांभाळणारी यंत्रणा असते. संप्रेरक एकाएकी घटले की तिला चालणारा तापमानाचा पट्टा अरुंद होतो. मग तापमान किंचित वाढले तरी ती 'फार उकडले' असे समजून त्वचेकडे रक्त धाडते आणि घाम सोडते. पाठोपाठ थंडी वाजते. एका जाड गोधडीऐवजी दोन-तीन पातळ सुती पांघरुणे, उशाशी पाणी आणि कोरडा बनियन यांनी रात्र सुसह्य होते. गरम चहा, तिखट जेवण, मद्य यांपैकी कशानंतर लाट येते हे वहीत टिपून ठेवावे. त्रास फार असेल तर त्यावर औषधे आहेत. डॉक्टरांना सांगायला मात्र हवे.

स्नायू आणि मेद. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८ आठवड्यांच्या उपचारानंतर शरीरातील मेदाचे प्रमाण सरासरी ९.४ टक्क्यांनी वाढले आणि मेदविरहित भाग २.७ टक्क्यांनी घटला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत, ही इंजेक्शने घेणाऱ्या वृद्धांत मधुमेह होण्याचा धोका सुमारे ४४ टक्क्यांनी अधिक आढळला. यावर सर्वांत चांगला उपाय व्यायाम. कॅनडात १५५ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात (२००३), आठवड्यातून तीनदा वजनांचा व्यायाम करणाऱ्यांचा थकवा १२ आठवड्यांत कमी झाला. ऑस्ट्रेलियात ५७ रुग्णांवरील अभ्यासात (२०१०), वजनांचा आणि दमछाकीचा व्यायाम एकत्र केल्याने टेस्टोस्टेरॉन नसतानाही स्नायू वाढले. थकलेल्या माणसाला 'पडून राहा' असा सल्ला आपण मायेने देतो, पण या बाबतीत तो चुकीचा ठरतो. नुसते फिरणेही पुरत नाही. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे अशी सुरुवात घरीही करता येते. कर्करोग हाडांत असेल तर कोणता व्यायाम चालेल हे आधी विचारून घ्यावे.

हाडे. ही झीज दिसत नाही, म्हणून ती अधिक धोक्याची. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पन्नास हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत, निदानानंतर किमान पाच वर्षे जगलेल्यांपैकी हा उपचार घेतलेल्या १९.४ टक्के पुरुषांचे हाड मोडले होते. न घेतलेल्यांत हे प्रमाण १२.६ टक्के होते. दूध, ताक, नाचणी, तीळ यांतून कॅल्शियम मिळते. ड जीवनसत्त्वाची तपासणी करावी. तंबाखू सोडावी. हाडांची घनता मोजण्याची 'डेक्सा' तपासणी उपचाराच्या सुरुवातीलाच करता येते. गरज असेल तर हाडे जपणारी औषधे देतात. त्याआधी दात तपासून घ्यावेत. न्हाणीघरातील ओली फरशी आणि रात्रीचा अंधार यांचीही काळजी घ्यावी.

छाती. नुसत्या ग्राही अडवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत स्तन दुखणे आणि वाढणे अधिक दिसते. तिथे टेस्टोस्टेरॉन बनत असते, पण त्याला काम नसते, आणि त्याचे इस्ट्रोजेन होत राहते. वाढलेली ऊती पुढे घट्ट झाली की सहज ओसरत नाही. म्हणून दुखू लागताच, किंबहुना गोळ्या सुरू करतानाच, याविषयी विचारावे. औषधाने किंवा अल्प किरणोपचाराने हा त्रास कमी करता येतो.

मन आणि सहजीवन. याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. कामेच्छा बहुतेकांची घटते. नवरा दूर राहू लागतो, बायकोला वाटते आपले काही चुकले. खरे तर इच्छाच उमटत नसते. त्यात प्रेम आटल्याचा प्रश्न नसतो. डॉक्टरांनी हे उपचारापूर्वीच दोघांना एकत्र बसवून सांगितले, तर पुढचा बराच मनस्ताप टळतो. चिडचिड, रडू येणे, उदासी यांचीही कारणे शोधावी लागतात. उदासी रेंगाळली तर तिच्यावर उपचार करायला हवेत.

इंजेक्शने थांबवल्यावर टेस्टोस्टेरॉन पुन्हा वाढू शकते, पण त्याला बरेच महिने लागतात. वय जास्त असेल आणि उपचार दीर्घकाळ चालला असेल तर ते पूर्वीइतके होईलच असे नाही. मात्र थांबवायचे की नाही हा निर्णय मनाने घ्यायचा नसतो.

वर्गात काय सांगावे?

तक्ता शिकवून झाल्यावर वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारता येतील. प्रौढ पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन थांबले तर आवाज का बदलत नाही, पण हिमोग्लोबिन का बदलते? एखादे संप्रेरक जास्त देऊन त्याचेच काम बंद कसे पडते? आणि इस्ट्रोजेनला नुसते 'स्त्री-संप्रेरक' म्हणणे का अपुरे आहे? पाठ केलेली उत्तरे इथे चालणार नाहीत. प्रत्येकासाठी साखळी मांडावी लागेल.

तास संपल्यावर एखादा विद्यार्थी रेंगाळेल आणि हळूच म्हणेल, "सर, माझ्या आजोबांना असंच होतं." त्याचे नाव वर्गात घेऊ नये. त्याला बाजूला बसवून सांगावे, की आजोबा घाबरट किंवा आळशी झालेले नाहीत. रात्रीचा घाम, दुखणारी छाती, थकवा हे सारे एका कागदावर लिहून पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवायला त्यांना सांग. आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबर खुर्चीतून दहा वेळा उठायचा व्यायाम तूही कर.